चौथ्या सिलिंडरमागचा गाळ

बरेच दिवस हे लिहायचं म्हणत होतो. दोनदा सुरुवात केली आणि अर्धवट सोडली. विषय म्हटलं तर साधा आहे: आमच्या जुन्या जीपचं इंजिन तापायचं, ते का तापायचं ते सापडलं, आणि आता तापत नाही. एवढंच असतं तर एका परिच्छेदात काम झालं असतं. पण हे वाचणाऱ्यांमध्ये आमच्या घरचेही लोक आहेत, आणि 'जीप तापली' हे दोन शब्द आमच्या घरात इतके साधे कधीच नव्हते. तेव्हा जरा लांबण लागणार. ज्यांना गाड्यांमध्ये रस नाही त्यांनी मधला भाग गाळला तरी हरकत नाही, पण शेवट वाचा. विशेषतः आत्या, तू वाच.

आमची जीप १९६४ सालची आहे. सीजे-३बी, पेट्रोल. आजोबांनी ती १९६९ साली एका सरकारी लिलावात घेतली. माण तालुक्यातलं आमचं गाव, आजोबा नालाबंडिंगची आणि पाझर तलावांची छोटी कंत्राटं घ्यायचे. जिथे रस्ता संपतो तिथे त्यांचं काम सुरू व्हायचं. त्या काळात अशा माणसाला दोनच वाहनं उपयोगी, घोडं किंवा जीप. आजोबांना घोड्यांची भीती वाटायची. :-)

आता १९७८ चा मे महिना. आजीच्या पोटात एकाएकी असह्य दुखायला लागलं. साताऱ्याला नेलं, तिथून पुण्याला न्यायला सांगितलं. गाडी चालवायला धाकटे काका, वय वर्षं चोवीस. शेजारी आजोबा, मागे आजीचं डोकं मांडीवर घेऊन आत्या आणि बाबा. वर्धनगडचा घाट कसाबसा पार झाला होता. साताऱ्याहून निघाल्यावर खंबाटकीच्या चढाला बॉनेटमधून वाफा निघाल्या. थांबले. गार होऊ दिली, पाणी टाकलं, निघाले. पुढे कात्रजच्या चढाला पुन्हा तेच. बोगदा ओलांडून पुण्यात पोचेपर्यंत रात्र झाली. तिसऱ्या दिवशी आजी गेली.

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की दोन तास आधी आणलं असतं तरी फरक पडला असता असं म्हणता येणार नाही. पण घरात एक वाक्य राहिलं. खंबाटकीत झाकण उघडलं तेव्हा बाबांनी आत पाहिलं होतं आणि रेडिएटर अर्धा रिकामा होता. म्हणजे काकांनी पाणी न बघता गाडी काढली. काका म्हणाले, "भरलेलं होतं. साताऱ्यात मी स्वतः भरलं." त्यावर कुणी काही बोललं नाही. आजोबांनी तोंडाने कधी दोष दिला नाही, पण त्या आठवड्यापासून जीपची किल्ली काकांच्या खुंटीवरून आजोबांच्या खुंटीवर गेली. काकांनी पुन्हा कधी कुठलीही गाडी चालवली नाही. आयुष्यभर एसटीने फिरले. लहानपणी आम्हाला वाटायचं त्यांना एसटी आवडते.

असो. आता जरा गाड्यांकडे.

इंजिन तापतं यात नवल काहीच नाही. नवल आहे ते न तापण्याचं. सिलिंडरच्या आत पेट्रोल पेटतं तेव्हा तिथलं तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या वर जातं. बिडाचा ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचा पिस्टन याच्या कितीतरी आधी वितळायला हवेत. जुन्या इंजिनांत पेट्रोलमधल्या उष्णतेचा जेमतेम पाव हिस्सा चाकांच्या कामी येतो. बाकीची काही सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली पाण्याने वाहून न्यायची असते. म्हणजे मोटारगाडी हे खरं तर उष्णता फेकून देण्याचं यंत्र आहे, जाताजाता ते आपल्याला घेऊन जातं इतकंच.

हे पहिल्या मोटारीपासून असंच आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली गाडी घेऊन दोन मुलांसह मॅनहाइमहून फोर्ट्सहाइमला, माहेरी निघाली. शंभरएक किलोमीटरचा रस्ता. या प्रवासातलं औषधाच्या दुकानातून इंधन घेण्याचं प्रकरण सगळ्यांना माहीत असतं. मला जास्त आवडतं ते पाण्याचं. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी सिलिंडरभोवती उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं, म्हणजे गाडी पाणी पीत पीत जायची. बर्थाबाई वाटेत दिसेल तिथून पाणी भरत गेल्या. म्हणजे जगातल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासातही कुणीतरी डबा घेऊन रस्त्याच्या कडेला पाणी शोधत होतंच. आपल्या घाटांतून उन्हाळ्यात ज्यांनी प्रवास केलाय त्यांना हे चित्र अनोळखी वाटू नये.

पाणी उडून जाऊ द्यायचं नाही, तेच तेच गार करून पुन्हा वापरायचं, हे नीट जमवलं विल्हेल्म मायबाख याने. १९०० साली त्याने पहिल्या मर्सिडीजसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, त्यात ८०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. तत्त्व अगदी घरगुती आहे. चहा कपात गार होत नाही म्हणून आपण तो बशीत ओततो. पृष्ठभाग वाढवायचा आणि वारा लावायचा. मायबाखने पाण्याला ८०७० नळ्यांची बशी दिली.

पुढचा प्रश्न, पाणी फिरवायचं कोणी? फोर्डच्या मॉडेल टी गाडीत सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर पंपच नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार पाणी खाली उतरतं, तेवढ्यावर ते आपोआप फिरायचं. इंजिनं जोरकस झाली तसा पंप आला. मग थंडीत इंजिन लवकर गरम व्हावं आणि नंतर एका ठरावीक तापमानावर राहावं म्हणून थर्मोस्टॅट आला. ही पाण्याच्या वाटेवरची एक छोटी झडप, हल्लीच्या थर्मोस्टॅटमध्ये मेण असतं. मेण वितळलं की फुगतं आणि झडप उघडतं. आणि मग आलं दाबाचं झाकण. हे म्हणजे प्रेशर कुकरच. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळतं, ९०० मीटर उंचीवर साधारण ९७ वरच. पण झाकणाने आतला दाब सात पौंडांनी वाढवला की समुद्रसपाटीचा तो आकडा १११ च्या आसपास जातो. घाटात हे दहा-बारा अंशच कामाला येतात. (म्हणूनच तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नसतं. दाब गेला की आतलं पाणी एकदम उकळून अंगावर येतं. कुकरचं झाकण आपण असं उघडत नाही, गाडीचं मात्र उघडतो.)

आता जीपची गोष्ट. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना हलक्या चौचाकी गाडीसाठी विचारणा केली. मुदत इतकी कमी की बँटम नावाची एक लहानशी, डबघाईला आलेली कंपनीच ती पाळू शकली. २३ सप्टेंबरला त्यांची पहिली गाडी लष्कराच्या तळावर हजर झाली. पण मोठा मक्ता मिळाला तो विलीज आणि फोर्ड यांना, कारण विलीजकडे बँटमपेक्षा दणकट इंजिन होतं. बार्नी रूस या इंजिनिअरने आधीच्या ४८ हॉर्सपॉवरच्या इंजिनातून ६० काढले होते. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा बनल्या.

युद्धानंतर तीच गाडी नागरी झाली. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप. १९५३ च्या सीजे-३बी मध्ये नवं इंजिन बसवलं, त्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट उंच करावं लागलं. आपल्याकडच्या जुन्या जीपचं ते उंच, थोडं बावळट नाक या कारणाने आलंय. हिंदुस्थानात जीप आणली ती १९४५ मध्ये सुरू झालेल्या 'महिंद्र अँड मोहम्मद' या पोलादाच्या व्यापारी कंपनीने. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावात महिंद्र दोनदा आलं. विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडायचं काम मुंबईत माझगावला सुरू झालं. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ ला बंद झाली, आपल्याकडे मात्र ते रूप त्यानंतरही कितीतरी वर्षं चाललं. तहसीलदार, पोलीस, मलेरियावाले, कुटुंबनियोजनवाले, निवडणुकीचे उमेदवार... खेड्यात सरकार यायचं ते जीपमधून यायचं.

या इंजिनातली एक गोष्ट पुढे महत्त्वाची आहे, ती आत्ताच सांगतो. आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले तरी जळका धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच राहिले. म्हणजे सर्वांत गरम वारा ब्लॉकमधूनच बाहेर पडतो. ब्लॉकमधल्या पाण्यावर भार जास्त.

आमची जीप आजोबांनंतर बाबांकडे आली. त्यांनी ती विकली नाही आणि फारशी वापरलीही नाही. ओळखीच्या सगळ्यांनी पेट्रोल काढून डिझेल इंजिन बसवलं, बाबांनी ते केलं नाही. २००९ मध्ये नवा रेडिएटर बसवला, तरी तापायची. २०१९ मध्ये बाबा गेले आणि गावच्या घराची आवराआवर करताना दोन गोष्टी माझ्याकडे आल्या, जीप आणि ट्रंकभर रोजमेळ.

आजोबांचे रोजमेळ म्हणजे निव्वळ हिशेब. भावना औषधालाही नाही. पण जीपचा खर्च त्यांनी पै-पैसह लिहिलाय. एका पावसाळ्यात बसून जीपच्या नोंदी वेगळ्या काढल्या. मुद्द्याच्या तेवढ्या देतो.

डिसेंबर १९७२: विहीर आटली. जीपला झिऱ्याचे पाणी.
मे १९७३: जीप तापली. दोनदा थांबलो.
ऑगस्ट १९७४: रेडिएटर नवा.
१९७५: पंप बदलला. तरी तापते.
जानेवारी १९७७: थर्मास्टाक काढून टाकला.
मे १९७८: पुणे. गाडी तीन वेळा तापली.

त्यानंतर बारा दिवस कोरे. मग बाराव्याच्या सामानाचा हिशेब.

ही यादी मी किती वेळा वाचली असेल! १९७८ च्या आधी पाच वर्षं गाडी तापत होती. आजोबांना माहीत होतं. रेडिएटर बदलून, पंप बदलून ती तापतच होती, हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. पण याने काका सुटत नव्हते. गाडी आधीपासून तापते हे माहीत असताना तर पाणी बघायलाच हवं होतं, असंही कुणी म्हणू शकलं असतं. आणि अर्धा रिकामा रेडिएटर बाबांनी डोळ्यांनी पाहिला होता.

म्हणून गेल्या वर्षी उन्हाळ्यात ठरवलं की आता कारण शोधायचंच. दहिवडीचे एक वयस्कर मिस्त्री मिळाले, जुन्या पेट्रोल जीपांवर हात बसलेला. ते म्हणाले, "पार्ट बदलू नका. आधी गाडीला विचारा." आम्ही विचारायला बसलो.

पहिला प्रश्न, खरंच तापते का? जुने काटे खोटं बोलतात. मी कारखान्यात वापरतात तो इन्फ्रारेड थर्मामीटर नेला होता. (कोविडमध्ये कपाळावर धरायचे तो नव्हे.) काटा खरा होता.

दुसरा प्रश्न, कधी तापते? उभी असताना तापली आणि पळताना गार झाली तर दोष बहुधा वाऱ्याचा, म्हणजे पंखा, पट्टा, पंख्याभोवतीचा आडोसा. चढाला, ओझ्याखाली तापली तर दोष पाण्याच्या फिरण्याचा किंवा उष्णता जास्त निर्माण होण्याचा. आमची चढाला तापायची.

मग एकेक. झाकणाचं रबर चिंबलेलं होतं, दाब धरत नव्हतं. ते बदललं. खालचा होज पाइप बघितला, कारण पंप त्यातून पाणी ओढतो आणि पाइप मऊ झाला असेल तर वेगात चपटा होतो. तो ठीक होता. स्पार्कचं टायमिंग मागे पडलं असेल तर पेट्रोल उशिरा जळतं आणि ब्लॉक तापतो, तेही बरोबर निघालं. हेडचं गॅस्केट फुटलं असेल तर रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येतात, ऑइल ताकासारखं होतं. दोन्ही नव्हतं. रेडिएटरवर वरपासून खालपर्यंत थर्मामीटर फिरवला. वर गरम, खाली बऱ्यापैकी गार, मध्ये कुठे थंड डाग नाही. म्हणजे नळ्या तुंबलेल्या नव्हत्या. बिचारा रेडिएटर आपलं काम चोख करत होता. १९७४ मधलाही बहुधा करत असावा.

थर्मोस्टॅट नव्हताच, ४६ वर्षांपूर्वी काढलेला. 'तापते ना, मग काढून टाका' हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय. त्याने तात्पुरतं बरं वाटतं, पण मूळ दुखणं तसंच राहतं, आणि सपाटीला इंजिन धड गरम होत नाही. नवा आणला, बसवण्याआधी आत्याच्या पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडला. ८२ अंशांना उघडला. आत्या म्हणाली, आता पातेलं घासून ठेव.

आणि मग मी तो प्रयोग केला ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता. सकाळी रेडिएटर काठोकाठ भरला. मिस्त्रींना साक्षीदार ठेवलं. वीस किलोमीटर, त्यात वर्धनगडचा चढ. काटा लाल झाला, थांबलो. तासभर गार होऊ दिली, फडकं धरून झाकण उघडलं. दहा-अकरा लिटरच्या यंत्रणेतलं तीन लिटर पाणी गायब! कुठेही गळती नाही. फक्त झाकणाजवळच्या ओव्हरफ्लोच्या नळीखाली, चासीवर ओला ओघळ.

मी मिस्त्रींकडे बघत राहिलो. ते म्हणाले, "मागं कुठंतरी वाफ धरते. वाफेला जागा पाहिजे, ती पाण्याला ढकलते. पाणी जातं नळीवाटं भाईर. रस्त्यात सांडत जातं, कळत पण नाही."

म्हणजे काठोकाठ भरून निघालं तरी घाटात रेडिएटर अर्धा रिकामा मिळणार. काकांनी भरलेला होता आणि बाबांनी पाहिला तेव्हा रिकामा होता. दोघंही खरं बोलत होते.

वाफ कुठे धरते ते आता शोधणं सोपं होतं. इंजिनाच्या ब्लॉकवर पुढून मागे थर्मामीटर नेला. पहिल्या सिलिंडरपाशी ८६, चौथ्यापाशी ११४. ब्लॉकचं पाणी सोडायचा कॉक उघडला तर एक थेंब आला नाही. तार घातली तर तार मऊ कशात तरी रुतली. मग मिस्त्रींनी ब्लॉकच्या बाजूच्या डमी काढल्या. (ब्लॉक ओतताना राहिलेली भोकं बंद करणाऱ्या या पत्र्याच्या वाट्या.) पुढच्या डमीमागे पाणी होतं. सर्वांत मागच्या, चौथ्या सिलिंडरच्या डमीमागे भिंत होती. तपकिरी, घट्ट, कुंभाराच्या मातीसारखी.

पंप पाणी पुढून ढकलतो. मागे पोचेपर्यंत त्याचा जोर कमी होतो आणि नदीचं पाणी संथ झालं की गाळ जसा बसतो तसा तिथे बसतो. रेडिएटर कितीही वेळा बदला, गाळ ब्लॉकमध्येच राहतो. मातीच्या भिंतीमागचं लोखंड गार करायला पाणी पोचतच नाही, आणि त्याच ब्लॉकमधून जळका धूरही बाहेर पडतो.

दीड दिवस आम्ही तो उकरत होतो. वाकवलेल्या तारा, पाण्याचा फवारा, मग क्षारांसाठी लिंबूफुलाचं पाणी, मग सोडा, मग साधं पाणी, स्वच्छ येईपर्यंत. निघालेला गाळ मी घमेल्यात वाळवला आणि तोलला. एक किलो चारशे ग्रॅम.

वरचा थर पांढरट होता, आमच्या विहिरीच्या जड पाण्याचे क्षार आणि गंज. तळाशी, लोखंडाला चिकटून, काळी बारीक माती. पोयट्यासारखी.

डिसेंबर १९७२: विहीर आटली. जीपला झिऱ्याचे पाणी.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, झिरा म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात खणलेला खड्डा. वाटीने पाणी भरायचं, ते निवळायला घागरीत ठेवायचं. १९७२ चा दुष्काळ म्हणजे लागोपाठच्या अपुऱ्या पावसांचा शेवट होता. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडत होती, तलावांची माती वाहत होती, अमेरिकेतून आलेला लाल मिलो खात होती, पोरांना सुकडी मिळत होती. रोजगार हमी योजनेला बळ मिळालं ते याच कामांच्या अनुभवातून, त्याचा कायदा १९७७ मध्ये झाला. आजोबांची जीप त्या कामांवर रोज फिरत होती. माणसाला प्यायला निवळलेलं पाणी आणि जीपला घागरीच्या तळाचं. दुसरं काय करणार? त्यात चूक कसली?

आता थोडं सावधपणे लिहितो. तळाची काळी माती १९७२ चीच, असं सिद्ध करणारी चिठ्ठी तिच्यावर नव्हती. पण झिऱ्याचं पाणी डिसेंबरात, पहिलं तापणं मे महिन्यात, आणि त्यानंतर कशानेही न थांबणं, हा क्रम आजोबांच्याच हस्ताक्षरात आहे. इतिहासात याहून कमी पुराव्यावर माणसांना दोषी ठरवलंय. मी तर इथे एकाला सोडवू बघतोय.

आजोबांवरही मला आरोप करायचा नाही. त्यांना गाडीचं दुखणं माहीत होतं, आणि तरी त्यांनी किल्ली स्वतःच्या खुंटीवर नेली. बरेच दिवस मला याचा राग येत होता. आता वाटतं, कदाचित ती शिक्षा नसेलच. कदाचित त्यांना म्हणायचं असेल की ही तापणारी गाडी यापुढे मीच चालवीन, पोरावर हा प्रसंग पुन्हा नको. ते बोलले नाहीत आणि काकांनी विचारलं नाही. आमच्या घरात खर्च लिहून ठेवायची पद्धत होती, बाकीचं लिहायची नव्हती.

मिस्त्रींनी पितळी डमी बसवल्या. थर्मोस्टॅट, नवं झाकण, आणि विहिरीच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं. पुन्हा तोच रस्ता, तीच दुपार, तोच चढ. पुढे ८४, मागे ८९. काटा मध्यावर. परत आल्यावर झाकण उघडलं तर पाणी होतं तिथेच.

काका त्या दिवशी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. वय आता सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात. मी घमेलं त्यांच्यापुढे ठेवलं. ओघळाचं, वाफेचं, तीन लिटरचं सगळं सांगितलं. रोजमेळाची पानं दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती शांतपणे वाचली. मग वाकून गाळाचं एक ढेकूळ उचललं, बोटांनी चुरलं.

"म्हणजे पाणी होतं," ते म्हणाले.

"होतं काका. काठोकाठ होतं."

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने आत्या चहा घेऊन आली. तिने घमेल्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि कप हातात देताना दुसरा हात त्यांच्या खांद्यावर ठेवून तशीच उभी राहिली. त्या दिवशी मागच्या सीटवर तीच तर होती.

संध्याकाळी मी काकांना म्हटलं, चला, एक चक्कर मारू. ते शेजारी बसले. चालवायला नको म्हणाले, गुडघ्याचं कारण सांगितलं. मी आग्रह केला नाही. निघायच्या आधी मात्र ते म्हणाले, "थांब," आणि खाली उतरून बॉनेट उघडलं. इंजिन गार होतं. झाकण काढून आत वाकून बघितलं. पुन्हा झाकण घट्ट लावलं, बॉनेटच्या दोन्ही कड्या अडकवल्या आणि येऊन बसले.

"आहे," म्हणाले. "काढ गाडी."